कंत्राटदार, मजूर आणि विमा

मुंबईहून पुण्याला आगगाडीने जाताना कर्जत सुटले की मुले खिडकीशी येतात आणि बोगदे मोजू लागतात. भोर घाटाचा हा लोहमार्ग पहिल्याने बांधला तेव्हा त्यावर २५ बोगदे होते आणि दरीवरचे ८ कमानी पूल होते. सुमारे पावणेसोळा मैलांत मार्ग १,८३१ फूट चढत होता, आणि जेथे चढ सर्वांत खडा होता तेथे दर ३७ फुटांना तो एक फूट वर जात होता. हे सारे आकडे आपल्याला मिळतात, कारण ते त्या काळच्या अभियंत्यांनी काळजीपूर्वक लिहून ठेविले. रूळ किती लागले, दगड किती फोडला, पैसा किती गेला, याचीही टिपणे झाली. मात्र हे काम करताना मेलेल्या माणसांची नावे कोठे लिहिलेली आहेत, असे तुम्ही विचारलेत तर इतिहासाच्या अभ्यासकाला मान खाली घालावी लागते. माणसे हजारोंनी मेली हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांची नावे ठाऊक नाहीत.

वाचकहो, आज मला तुमच्यापुढे मांडायचा आहे तो विषय वरवर फार रुक्ष वाटेल. बांधकामाचा कंत्राटदार विमा का उतरवितो, तो त्याने उतरविलाच पाहिजे अशी अट कोठून आली, आणि त्या विम्याचा खर्च शेवटी कोणाच्या खिशातून जातो, एवढाच हा विषय आहे. पण या हिशेबाच्या वहीत भोर घाटातली ती न लिहिलेली नावे दडलेली आहेत. म्हणून आरंभ तेथूनच करू.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी लंडनची. १८४९ साली ईस्ट इंडिया कंपनीने तिच्याशी करार केला आणि तिच्या भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी दिली. म्हणजे भागीदारांचा पैसा बुडणार नाही याची तजवीज पहिल्याच दिवशी झाली. कंपनी मात्र स्वतः खोदकाम करीत नसे. ती कामाचे तुकडे पाडून ते कंत्राटाने देई. मुंबई ते ठाणे हा मार्ग १८५३ च्या १६ एप्रिलला सुरू झाला, त्याच्या कंत्राटदारांपैकी विल्यम फॅव्हिएल याला पुढे भोर घाटाचे काम मिळाले, आणि १८५६ च्या जानेवारीत घाटात सुरुंगांचे आवाज घुमू लागले. फॅव्हिएलने तुकड्यांचे आणखी तुकडे केले. त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखाली मुकादम आणि मुकादमाच्या हाताखाली गावोगावहून आणलेल्या मजुरांच्या टोळ्या, अशी ती उतरंड होती.

या उतरंडीत पैसा वरून खाली येई आणि प्रत्येक पायरीवर थोडा थोडा मुरत जाई. धोका मात्र सरळ तळाशी जाऊन बसे. १८५९ च्या आरंभी मजुरी थकल्यावरून घाटात मोठा दंगा झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये फॅव्हिएलने काम सोडले. मग सॉलोमन ट्रेडवेल हा दुसरा कंत्राटदार इंग्लंडहून आला आणि येथे पाऊल ठेवल्यावर थोड्याच आठवड्यांत आजाराने वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट स्वतःच्या नावे चालविले आणि दोन अनुभवी व्यवस्थापकांच्या हातून काम तडीस नेले. १८६१ साली कामाला ऐन भर होता तेव्हा घाटात ४२,००० माणसे राबत होती. १८६३ साली मार्ग खुला झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले तो सोहळा पाहायला उरला नाही. तोही आदल्या वर्षी वारला होता.

येथे थोडे थांबून विचार करा. विमा ही वस्तू त्या काळी नवी होती काय? मुळीच नाही. जहाजाचा आणि त्यातल्या मालाचा विमा उतरण्याची चाल युरोपात शतकांची होती. लंडन जळाले ते १६६६ साली, आणि त्यानंतर तेथे आगीच्या विम्याच्या कंपन्या निघाल्या. इंग्लंडातून निघालेला लोखंडी रूळ समुद्रात बुडाला तर त्याची भरपाई मागण्याची सोय होती. तोच रूळ घाटात वाहून नेताना माणूस दरीत पडला तर त्याच्या बायकोने कोणाकडे पाहायचे, याला मात्र उत्तर नव्हते. दंग्यानंतर सरकारने १८६० साली कायदा केला, तोही मजुरीच्या तंट्यांपुरता. मॅजिस्ट्रेटने तंट्याचा झटपट निकाल द्यावा असे त्यात होते आणि काम अर्धवट टाकणाऱ्या मजुराला शिक्षाही होती. जिवाबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

असे का झाले? सरकार निष्ठुर होते एवढे म्हणून भागणार नाही. मूळ अडचण कायद्याच्या विचारातच होती, आणि तो विचार इंग्लंडातला होता.

१८३७ साली इंग्लंडात प्रीस्टली विरुद्ध फाउलर असा एक खटला झाला. एका खाटकाच्या नोकराला मालकाने मालाच्या गाडीबरोबर पाठविले. गाडीत बोजा जास्त झाला, गाडी मोडली आणि नोकराची मांडी मोडली. मुलाने मालकावर दावा लावला. वरच्या न्यायालयाने निकाल दिला तो मालकाच्या बाजूने. नोकर आपण होऊन कामावर येतो, कामातला धोका त्याला दिसत असतो, तो पत्करूनच तो पगार घेतो, असा त्या निकालाचा सूर होता. पुढच्या निकालांनी त्यावर मजले चढविले. बरोबरच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. आता हे तत्त्व बांधकामाला लावून पाहा. परांचीवरच्या गवंड्याच्या डोक्यात वरून दगड पडला तर तो दगड सोडणारा बहुधा दुसरा मजूरच असायचा! म्हणजे कंत्राटदार मोकळा.

१८४६ साली मृत माणसाच्या कुटुंबाला दावा लावता यावा असा कायदा इंग्लंडात झाला, आणि १८५५ साली त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानातही आला. घाटात सुरुंग लागण्यापूर्वीच तो पुस्तकात होता. पण त्यासाठी मालकाची चूक शाबीत करावी लागे. नगरच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या खेड्यातून आलेल्या विधवेने मुंबईतल्या साहेबाची चूक न्यायालयात शाबीत करायची, म्हणजे दरीच्या तळाशी उभे राहून कडा चढण्यासारखेच होते ते.

याच १८४६ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या एका समितीने रेल्वेच्या मजुरांची चौकशी केली. मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्या मधल्या डोंगरात वुडहेडचा तीन मैलांचा बोगदा नुकताच पुरा झाला होता. त्या कामात ३२ माणसे मेली आणि जखमी तर कितीतरी झाली. एडविन चॅडविक या समाजसुधारकाने हिशेब मांडून दाखविला की लढाईत सैनिक ज्या प्रमाणात पडतात त्याहून येथले प्रमाण कमी नाही. सुरक्षित वात वापरली असती तर सुरुंगाचे अपघात टळले असते, मग ती का वापरली नाही, असा प्रश्न तेथल्या एका अभियंत्याला समितीपुढे विचारण्यात आला. ती वापरण्यात वेळ जातो, आणि तिने जे जीव वाचतील त्यांच्यासाठी एवढा वेळ घालविण्याची शिफारस आपण करणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले.

हे उत्तर ऐकून आपल्याला संताप येतो. पण तो अभियंता राक्षस नव्हता. तो हिशेब सांगत होता. त्याच्या वहीत वेळेला किंमत होती, वातीला किंमत होती, आणि मजुराच्या जिवापुढचा रकाना कोरा होता. कोरा रकाना बेरजेत शून्यच धरला जातो. चॅडविकचे म्हणणे नेमके हेच होते की अपघाताचा खर्च काम करविणाऱ्याच्या माथी मारा, म्हणजे तो आपोआप सावध होईल. समितीने ते मानले आणि तशी शिफारसही केली. पार्लमेंटने ती शिफारस तशीच पडू दिली. भोर घाटाचे काम निघाले ते यानंतर दहा वर्षांनी!

कोऱ्या रकान्यात पहिल्याने आकडा घातला तो जर्मनीने. बिस्मार्कच्या कारकीर्दीत १८८४ साली अपघात विम्याचा कायदा झाला. चूक कोणाची हा प्रश्नच त्याने बाजूला ठेविला. एकेका धंद्यातल्या मालकांनी आपला संघ करायचा, सर्वांनी त्यात वर्गणी भरायची, आणि अपघात झाला की त्या निधीतून भरपाई द्यायची. वर्गणी सर्वांना सारखी नव्हती. धंदा जितका धोक्याचा तितकी ती जास्त. शिवाय या संघांना अपघात टाळण्याचे नियम करण्याचा आणि ते पाळले जातात की नाही हे तपासण्याचा अधिकार मिळाला. यातली खुबी तुमच्या लक्षात आली असेलच. ज्याच्या कामावर माणसे पडतात त्याचा हप्ता वाढतो, आणि हप्ता वाढला की मालकाला परांचीची दोरी तपासण्याची बुद्धी होते.

इंग्लंडला हे पचायला आणखी काही वर्षे लागली. १८९७ साली जोसेफ चेंबरलेन यांच्या पुढाकाराने कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. रेल्वे, कारखाने, खाणी, मोठी अभियांत्रिकी कामे यांच्याबरोबर इमारतींचाही त्यात समावेश होता. पण कोणत्या इमारती? ज्यांची उंची ३० फुटांहून अधिक आहे आणि ज्यांचे काम परांची बांधून किंवा यंत्राच्या बळावर चालले आहे, अशाच! २९ फुटांवरून पडणाऱ्याचे हाड मोडत नाही, असे कोणाला वाटत होते की काय न कळे. १९०६ साली ही मर्यादा गेली. भरपाईची रक्कम तीन वर्षांची मजुरी किंवा १५० पौंड यांपैकी जी मोठी असेल ती, पण ३०० पौंडांच्या आत, अशी ठरली होती.

आता छोट्या कंत्राटदाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. दहा-वीस माणसे हाताशी घेऊन घरे बांधणाऱ्या माणसाला ३०० पौंड म्हणजे सारा धंदा. एका अपघाताने त्याचे दिवाळे निघावे, आणि दिवाळे निघाले की मजुराच्या विधवेच्याही हाती काही लागू नये, अशी दुहेरी आपत्ती. म्हणून कंत्राटदार विमा कंपनीच्या दाराशी गेला. दरसाल थोडे थोडे भरावे आणि मोठ्या घाल्यातून वाचावे, हा तर विम्याचा जुनाच धर्म. जहाजासाठी जो विचार शतकानुशतके चालला होता तो आता परांचीवरच्या माणसासाठी चालू झाला. मात्र विमा उतरविण्याची सक्ती सर्व मालकांवर करायला ब्रिटनला १९६९ साल उजाडले.

हिंदुस्थानात हा विचार पहिल्या महायुद्धानंतर आला. गिरण्यांतून संप होत होते, १९१९ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली होती, आणि मध्यवर्ती विधिमंडळात मजुरांच्या वतीने बोलायला आपले ना. म. जोशी बसले होते. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा हा माणूस, सोशल सर्व्हिस लीगचा संस्थापक. त्यांनी मजुरांच्या प्रश्नांना जन्म वाहिला होता. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. पुढे १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनवरही जोशी होते. त्या कमिशनच्या शिफारशींवरून १९३३ साली या कायद्यात सुधारणा झाल्या.

१९२३ च्या कायद्यातली कलमे आजही वाचण्यासारखी आहेत. एका मजल्याहून उंच इमारतीचे काम करणारा मजूर त्यात आला. प्रौढ मजूर मेला तर ३० महिन्यांची मजुरी किंवा २,५०० रुपये, यांपैकी जी कमी ती रक्कम. समजा मजुरी महिना १५ रुपये असली तर ४५० रुपये. बाल मजूर मेला तर सरसकट २०० रुपये. आकडे वाचून जीव गलबलतो. तरीही त्या रकान्यात शून्य जाऊन आकडा आला होता, हे विसरता कामा नये.

या कायद्यातली तीन कलमे कंत्राटाच्या कामासाठी फार मोलाची ठरली. त्यांतले पहिले बारावे. काम कंत्राटाने दिले म्हणून मूळ मालक सुटत नाही. मजुराला त्याच्याकडे भरपाई मागता येते, आणि मालकाने ती मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करायची. फॅव्हिएलच्या वेळी जी उतरंड धोका खाली ढकलीत होती, ती या एका कलमाने उलटी झाली. दुसरे चौदावे. विमा उतरविलेला कंत्राटदार दिवाळखोर निघाला, तर विमा कंपनीकडून मागण्याचा त्याचा हक्क मजुराकडे जातो. आणि तिसरे सतरावे. भरपाई सोडून देण्याचा करार मजुराकडून लिहून घेतला तरी तो रद्दबातल. अंगठा उठवून घेण्याची चाल ज्यांना माहीत होती त्यांनीच हे कलम घातले असले पाहिजे.

बाराव्या कलमाचा एक परिणाम असा झाला की विम्याची अट कायद्यातून नव्हे, कंत्राटातून जन्माला आली. कायद्याने विमा उतरविण्याची सक्ती केली नव्हती. पण भरपाई आपल्या गळ्यात येऊ शकते हे मूळ मालकाला कळले, मग तो सरकारी बांधकाम खाते असो, रेल्वे असो की गिरणी. तो कंत्राटदाराला म्हणू लागला, “बाबा रे, काम घेण्याआधी विमापत्र दाखव.” आज कोणत्याही मोठ्या कामाच्या निविदेत ही अट दिसते, तिचे मूळ हे असे आहे.

मजुरांच्या विम्याबरोबर दुसराही एक विमा या अटीत येतो, त्याला कंत्राटदारांचा सर्व जोखमींचा विमा म्हणतात. बांधता बांधता भिंत कोसळली, पुरात साहित्य वाहून गेले, पाया खणताना शेजारच्या घराला तडा गेला, अशा नुकसानीसाठी हा विमा असतो. त्याचे दोन भाग असतात. एक चालू कामाच्या नुकसानीचा, दुसरा तिऱ्हाइताच्या नुकसानीचा. लंडनच्या लँबेथ पुलाच्या कामासाठी १९२९ साली असा पहिला विमा उतरविला गेला, असे विमा व्यवसायात सांगतात. आपल्याकडे सर्वसाधारण विम्याचा धंदा १९७३ च्या १ जानेवारीपासून सरकारी झाला, १९९९ च्या कायद्याने तो पुन्हा खाजगी कंपन्यांना खुला झाला, आणि बांधकामाच्या विम्याचे दर पूर्वी सर्वांना बांधून दिलेले असत ते बंधन २००७ च्या आरंभी सुटले. तेव्हापासून कंपनी आणि कंत्राटदार यांच्यात दराची घासाघीस होते.

आता खर्चाचे पाहू. मजुरांच्या विम्याचा हप्ता ठरतो तो दोन गोष्टींवर. कंत्राटदार वर्षभरात मजुरी किती वाटणार, आणि काम कोणत्या प्रकारचे. जमिनीवर फरशी बसविणारा आणि विसाव्या मजल्यावर सळई बांधणारा यांचा धोका एक नाही, म्हणून त्यांचा दरही एक नाही. मजुरीचा अंदाज आधी लिहून द्यायचा, आणि वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष मजुरी पाहून हप्ता कमीजास्त करायचा, अशी पद्धत. कामाच्या विम्यात पाहतात ती कामाची एकूण किंमत, जागा, पाया किती खोल, काम पावसाळ्यात चालणार की कोरड्या दिवसांत, किती महिन्यांत संपणार. काम लांबले की हप्ताही वाढतो. शिवाय नुकसानीचा पहिला काही भाग कंत्राटदाराने स्वतः सोसायचा असतो. हा भाग त्याने जास्त पत्करला तर हप्ता कमी होतो.

हे सारे ऐकून एखादा प्रामाणिक कंत्राटदार म्हणेल, “अहो, हे सगळे ठीक. पण मी हप्त्याचा खर्च निविदेत धरला आणि शेजारच्याने धरला नाही, तर त्याचा आकडा कमी आणि काम त्याला. मग मी काय करू?” या प्रश्नाला हसण्यावारी नेता येणार नाही. सर्वांत कमी आकड्याला काम देण्याची रीत असेल, तेथे माणसाच्या जिवाची किंमत वगळणारा जिंकतो. वुडहेडच्या अभियंत्याचा हिशेब येथे पुन्हा डोके वर काढतो. म्हणून विम्याची अट सर्वांना सारखी हवी, आणि ती नुसती कागदावर नव्हे तर तपासलेली हवी. अट सर्वांना लागू झाली की हप्ता हा कोणा एकाचा तोटा राहत नाही. तो कामाच्या किमतीचाच भाग होतो, जशी सिमेंटची किंमत, जशी वाळूची किंमत. शेवटी तो खर्च जातो घर विकत घेणाऱ्याकडे, रस्ता वापरणाऱ्याकडे, म्हणजे तुमच्या माझ्याकडे. आणि तो आपण द्यावा हेच न्यायाचे आहे. पूर्वी हाच खर्च मजुराचे कुटुंब भरीत होते. अनाथ पोरांच्या रूपाने, गहाण पडलेल्या शेताच्या रूपाने ते तो भरीत होते, एवढाच फरक.

रकमा काळाबरोबर वाढल्या आहेत. २००९ च्या दुरुस्तीने मृत्यूच्या भरपाईची किमान रक्कम १,२०,००० रुपये झाली. हिशेबात धरायच्या मासिक मजुरीची मर्यादा २०२० साली १५,००० रुपयांवर नेली गेली. तीस वर्षांचा मजूर मेला तर मजुरीच्या निम्म्याला २०७.९८ ने गुणायचे असे कोष्टक होते. म्हणजे १५,००० रुपये मजुरी असली तर ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. एवढी रक्कम छोट्या कंत्राटदाराने पदरची द्यायची म्हटले तर त्याचे कंबरडे मोडेल. हप्ता त्याच्यासाठी का आणि मजुरासाठी का, हे या एका गुणाकारातून दिसते. हा जुना कायदा पुढे सामाजिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेत मिळविण्यात आला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली संसदेने एक स्वतंत्र कायदाही केला होता, आणि त्याच्या जोडीला उपकराचा कायदा. बांधकामाच्या खर्चावर शेकडा एक इतका कर घ्यायचा आणि त्या पैशातून मजुरांचे कल्याण करायचे, अशी ती योजना. महाराष्ट्राचे नियम यायला २००७ साल लागले. लाभ मिळायचा तर मजुराची नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी आधीच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. आणि येथेच घोडे अडते.

कारण हा दाखला देणार कोण? बांधकामाच्या धंद्यात अजून मुकादम आहे, अजून टोळी आहे. मूळ कंत्राटदाराच्या खाली पोटकंत्राटदार आणि त्याच्या खाली आणखी कोणी, ही फॅव्हिएलची उतरंड अजून उभी आहे. विमा कंपनीला दिलेल्या यादीत मजुरी लिहिली जाते ती हजेरीपटावरून. हजेरीपटावर तीस नावे आणि कामावर साठ माणसे, असे असले तर हप्ता तिसांचाच भरला जातो. त्यात कंत्राटदाराची काही हजारांची बचत होते. उरलेल्या तिसांपैकी कोणी पडला तर कायदा त्याच्या बाजूने असतो, बारावे कलम ज्यासाठी केले तो न्यायही असतो, पण तो त्या कामावर होता हे शाबीत करायचे कशाने? विमा कंपनी विचारते, हा माणूस तुमच्या यादीत कोठे आहे? कंत्राटदार म्हणतो, मी याला ओळखत नाही. मुकादम त्या रात्रीच गावाला निघून गेलेला असतो. १८५५ चा कायदा पुस्तकात होता आणि विधवा दरीच्या तळाशी होती, ती परिस्थिती पुन्हा येते.

म्हणून वाचकहो, सगळ्या इतिहासातून निघणारे सार मला असे दिसते. प्रीस्टलीच्या खटल्यापासून आजच्या संहितेपर्यंत जवळजवळ दोनशे वर्षे जी खटपट झाली, ती मजुराच्या जिवापुढचा कोरा रकाना भरण्याची खटपट होती. कायद्याने त्यात आकडा लिहिला, विम्याने तो आकडा हातात पडण्याची व्यवस्था केली. पण आकड्याच्या आधी नाव लागते. हप्ता कितीही भरला, विमापत्रावर कितीही मोठी रक्कम लिहिली, तरी हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसापर्यंत तो पैसा पोचत नाही.

तुमच्यापैकी कोणी कंत्राटदार असाल, कोणी घर बांधवून घेत असाल, कोणी गृहसंस्थेच्या समितीवर असाल आणि इमारतीच्या रंगकामाचे काम देत असाल. काम देताना विमापत्र अवश्य मागा. ते कोणत्या तारखेपर्यंत आहे, पोटकंत्राटदाराची माणसे त्यात धरली आहेत की नाहीत, हे वाचून घ्या. मग परांचीपाशी जा आणि हजेरीपट मागा. वर चढलेली माणसे मोजा आणि पटावरची नावे मोजा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर काम तेथेच थांबवा आणि राहिलेली नावे आपल्यासमोर लिहवून घ्या. या कामाला पैसा लागत नाही, पाव तास पुरतो.